चारुदत्ताला सुळापर्यंत कोणी नेलं?

सांजवात

आम्ही पाच-सहा जणी दर पंधरवड्याला एकत्र बसून काहीतरी जुनं वाचतो. अट एकच. आपण ते वाचलंय असा आपला गैरसमज असला पाहिजे. शूद्रकाचं संस्कृत नाटक 'मृच्छकटिक' या अटीत फिट्ट बसतं. मातीची गाडी, गणिका वसंतसेना, दागिन्यांचं गाठोडं, भिंतीला कुठल्या आकाराचं भोक पाडावं याचा विचार करत बसलेला शर्विलक, एवढं सगळ्यांना माहीत होतं. नववा अंक मात्र एकीलाही आठवत नव्हता.

नववा अंक म्हणजे खटला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शकार हा पालक राजाचा मेहुणा. वसंतसेना त्याला भीक घालत नाही म्हणून पुष्पकरंडक उद्यानात तो तिचा गळा दाबतो, मेली असं समजून पाल्याखाली झाकतो आणि न्यायसभेत जाऊन फिर्याद देतो की तिचा प्रियकर, गरीब झालेला ब्राह्मण चारुदत्त, याने दागिन्यांसाठी तिचा खून केला. न्यायाधीशाला नाटकात नावच नाही, नुसतं 'अधिकरणिक'. तो आधी म्हणतो, आज तुझं काम घेता येणार नाही. शकार म्हणतो, भाऊजींना सांगतो, ताईला सांगतो, आईला सांगतो, तुला काढून दुसरा बसवतो. झालं. काम लगेच बोर्डावर.

पुढे तर कहर आहे. फिर्याद सांगतानाच शकाराच्या तोंडून निसटतं, 'कोणीतरी तिला मारलं, मी नाही!' तोपर्यंत त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं. न्यायाधीशाच्या ते बरोबर ध्यानात येतं. तो लिहून घ्यायला लावतो, 'मी नाही.' जमिनीवर लिहिलेलं असतं. शकार उठतो आणि पायाने पुसून टाकतो. भर न्यायसभेत! आणि सभा पुढे चालू राहते.

न्यायाधीशाला चारुदत्त निर्दोष वाटतो. तो स्वतःच म्हणतो की चारुदत्तावर ठपका ठेवणं म्हणजे हिमालय तोलणं, समुद्र पोहून जाणं, वारा मुठीत धरणं. तरी शेवटी ठपका ठेवतोच. मनूचा आधार देऊन शिफारस करतो की ब्राह्मण आहे, मारू नये, संपत्तीसह हद्दपार करावं. आणि चारुदत्ताला सांगतो, 'निर्णये वयं प्रमाणं, शेषे तु राजा.' निर्णयापुरते आम्ही, बाकीचं राजा बघेल. राजा बघतो. तेच दागिने गळ्यात बांधून, दवंडी पिटत, दक्षिणेच्या स्मशानात नेऊन सुळावर द्या.

या वाक्यापाशी आम्ही अर्धा तास अडकलो होतो. चहा गार झाला.

दहाव्या अंकात बंडखोर आर्यक पालकाला मारून राजा होतो आणि बक्षिसांची खैरात सुरू होते. वसंतसेनेला 'वधू' हा मान. तिला शुद्धीवर आणणारा भिक्षू सगळ्या विहारांचा प्रमुख. शकाराचा दास स्थावरक चेट दास्यातून मोकळा. ज्या दोन चांडाळांनी चारुदत्ताला वधस्थानी नेलं तेही सगळ्या चांडाळांचे प्रमुख. शकारालासुद्धा अभय. न्यायाधीशाचं कोणी नावही काढत नाही. (नाव नाहीच म्हणा.)

मला शकाराचा फारसा राग येत नाही. तो मूर्ख आहे, रामायण-महाभारताची खिचडी करून बोलतो. राग येतो तो या शहाण्या, सज्जन, शास्त्र जाणणाऱ्या माणसाचा. अन्याय शकारामुळे सुरू झाला असेल, पण तो पार पडला या माणसामुळे, असं माझं मत.

तुम्हाला काय वाटतं? आणि जुन्या साहित्यात असा 'खुर्चीतला सज्जन' आणखी कुठे भेटलाय? त्यावर कोणी काही उपाय सांगितलाय का?

---

टवाळ_पोर

पहिला!

राजाचा मेहुणा हे जगातलं सर्वात जुनं सरकारी पद आहे हे या निमित्ताने सिद्ध झालं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

खर्डेघाशी

सांजवातताई, लेख उत्तम, निकाल घाईचा.

चौतीस वर्षं महसूल खात्यात काढली आहेत, खुर्चीच्या अलीकडे आणि पलीकडे काय दिसतं ते थोडं कळतं. तुम्ही आठवा अंक, गळा दाबतो तो, वाचलाय. त्या न्यायाधीशाने नाही वाचलेला. त्याच्यापुढे काय आलं ते बघा. वसंतसेनेची आई सांगते, मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. वीरक शिपाई सांगतो, ती चारुदत्ताच्या गाडीतून उद्यानाकडे चालली होती असं मला सांगण्यात आलं. त्याला उद्यानात पाठवलं तर तो एका बाईचं जनावरांनी ओढलेलं प्रेत पाहून येतो. तेवढ्यात चारुदत्ताचा मित्र, विदूषक मैत्रेय, शकाराशी भांडतो आणि त्याच्या काखेतून वसंतसेनेचेच दागिने खाली पडतात! आरोपी गरीब, म्हणजे हेतू आला. आरोपीला विचारावं तर तो मान खाली घालून गप्प.

एवढ्या कागदावर तुम्ही काय केलं असतं? 'मला हा माणूस चांगला वाटतो' असा शेरा मारून फाईल बंद?

आणि ही शिफारस करतानाही त्याने जीव वाचवायची वाट शोधली. मनू काढला. राजाच्या मेहुण्याविरुद्ध, नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून. एवढंही आजकाल कोण करतं.

---

काळा_डगला

काका, खुर्चीच्या पुढे उभं राहणाऱ्याचंही ऐका.

१. वीरक साक्षीदार म्हणून आलेलाच नव्हता. तो आला होता दुसऱ्या शिपायाने, चंदनकाने, लाथ मारली ही स्वतःची तक्रार घेऊन. गाडीत कोण बसलंय हे त्याने स्वतः पाहिलेलंच नाही. ऐकीव माहिती.

२. प्रेत कोणाचं हे कोणीही विचारलेलं नाही. 'बाईचं' एवढ्यावर भागलं.

३. आणि हे मला सर्वात आवडतं. दागिने पुढे आल्यावर आईला विचारतात, हे तुझ्या मुलीचे का? ती म्हणते, तसेच दिसतात पण ते नव्हेत. म्हातारी खोटं बोलते, चारुदत्ताला वाचवायला! एवढ्यावर थांबत नाही. म्हणते, भांडण वादी-प्रतिवादींचं असतं, वादी मी आहे, माझी तक्रार नाही, सोडा त्याला. मेलेल्या मुलीची आई! साऱ्या न्यायसभेत कायद्याचा मुद्दा मांडणारी ती एकटी, आणि तिला 'चल नीघ' म्हणून हाकलून देतात.

४. पुरावा पायाने पुसला गेला. न्यायसभेच्या डोळ्यांदेखत. यानंतर कुठलाही न्यायाधीश 'माझ्यापुढे कागदच असे आले' म्हणू शकत नाही.

अन्यायाचं कारण विचारलंत तर माझ्या मते, सभेचं काम रीतसर चाललं होतं हेच. साक्षी झाल्या, नोंद झाली, शास्त्र काढलं. उणीव एकच, कोणालाही थांबायचं नव्हतं.

अवांतर: चारुदत्त न्यायसभेत शिरताना तिचं समुद्र म्हणून वर्णन करतो, त्यात 'कायस्थसर्पास्पदं' असं आहे. कायस्थ म्हणजे तिथला लेखनिक, तो सापासारखा. इथल्या सीकेपी मंडळींनी मनावर घेऊ नये, ते पदाचं नाव आहे.

---

टवाळ_पोर

खर्डेघाशी काकांनी मात्र घ्यावं मनावर. (पळतो.)

---

खर्डेघाशी

घेतलं. लेखनिकाने 'मी नाही' लिहिलं होतं हे विसरू नका. पुसलं दुसऱ्याने.

---

वैशाखवणवा

चर्चा न्यायाधीशाभोवतीच फिरतेय म्हणून थोडं बाजूचं बोलतो.

शूद्रकाने कारण तिसऱ्या अंकातच सांगून ठेवलंय. घरात चोरी होते, वसंतसेनेने ठेवायला दिलेले दागिने जातात, तेव्हा चारुदत्ताला चोरीचं दुःख कमी आणि धास्ती जास्त. 'कः श्रद्धास्यति भूतार्थं' म्हणतो, खरं घडलं त्यावर विश्वास कोण ठेवणार? 'शङ्कनीया हि लोकेऽस्मिन् निष्प्रतापा दरिद्रता.' ज्या दारिद्र्याच्या मागे काही वजन नाही, त्याच्यावर संशय यायचाच. नववा अंक हा या श्लोकाचा विस्तार आहे.

पण चारुदत्त निदान ब्राह्मण आहे, जुन्या श्रीमंतीचं नाव आहे. स्थावरकाचं बघा. शकाराचा दास. खून करायचा हुकूम त्याने तोंडावर नाकारलेला. शकाराने त्याला बेड्या घालून वाड्याच्या वरच्या मजल्यावर कोंडलंय. चारुदत्ताची धिंड खालून जाते तेव्हा तो वरून ओरडतो, कोणाला ऐकू जात नाही, तेव्हा तो खिडकीतून उडी मारतो. मेलो तर मेलो. जिवंत खाली पोचतो, खरं सांगतो. शकार हातातलं कडं दाखवतो, म्हणतो, हा चोर आहे, मी मारलं म्हणून डूख धरून बोलतोय. प्रकरण संपलं. स्थावरक म्हणतो, दासपणा असा असतो की खरं बोललं तरी कोणाला पटत नाही.

ते वाक्य एका गुलामाच्या तोंडी, इतक्या जुन्या नाटकात. सगळ्या पुराव्यात खरं काय घडलं ते ठाऊक असलेला साक्षीदार हाच होता आणि त्याची साक्ष धरली गेली नाही, कारण साक्षीदार कोण आहे हे आधी बघितलं गेलं. न्यायाधीश सज्जन होता की नव्हता याने इथे काय फरक पडला असता?

---

सांजवात

वैशाखवणवा, खिडकीतली उडी आम्ही 'नाटकी' म्हणून हसण्यावारी नेली होती. आता परत वाचते.

---

स्टुटगार्टी_मिसळ

धागा वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच प्रतिसाद टंकतोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

इकडे जर्मनीत शाळेत मुलांना एक दीर्घकथा असते. क्लाइस्टची 'मिखाएल कोलहास', १८१० ची. माझ्या मुलीला होती तेव्हा तिच्यासोबत मीही वाचली. कोलहास हा घोड्यांचा व्यापारी, सरळ माणूस. सरहद्दीवर ट्रोंका नावाच्या जहागीरदाराची माणसं त्याला अडवतात, परवाना दाखव म्हणतात. असा परवाना अस्तित्वातच नसतो, पण ते त्याला पुढच्या गावी जाऊन कळतं. तोवर दोन काळे घोडे तारण म्हणून ठेवून घेतलेले. परत येतो तर घोड्यांना शेतात जुंपून हाडं वर आलेली आणि सोबत ठेवलेल्या नोकराला मारून हाकललेलं.

त्याची मागणी काय, तर घोडे होते तसे धष्टपुष्ट करून द्या आणि नोकराची भरपाई. बस. तो दावा लावतो. दरबारात ट्रोंकाचे नातेवाईक बसलेले (टवाळ_पोर, तुमचं पद इथेही आहे), दावा दाबला जातो. बायको म्हणते, मी नेते अर्ज राजाकडे. पहारेकरी भाल्याच्या दांड्याने तिच्या छातीवर मारतो, ती मरते. मग हा माणूस वाडा जाळतो, विटेनबर्गला आगी लावतो, लाइपझिगला लावतो. खुद्द मार्टिन ल्यूथर त्याला खडसावतो.

शेवट ऐका. बर्लिनमध्ये निकाल लागतो. घोडे तुकतुकीत करून त्याच्यापुढे उभे. नोकराचे कपडे, पैसे, सगळं परत. ट्रोंकाला दोन वर्षं कैद. कोलहास म्हणतो, माझं समाधान झालं. आणि शांतताभंगाबद्दल तिथेच त्याचं डोकं उडवतात. त्याला न्याय मिळतो आणि त्याच सकाळी मृत्यूही, दोन्ही पूर्णपणे कायदेशीर. यामागे खरा माणूस आहे, हान्स कोलहासे, १५४० साली बर्लिनमध्ये देहदंड झाला.

उपाय विचारलात म्हणून सांगितलं. बंड हा उपाय इथे चालतो, पण पावती फाडूनच.

---

प्राजक्त७

दोन घोड्यांसाठी शहरं जाळली? जळालेल्या घरातल्या लोकांचं काय? त्यांनी कोणाकडे दावा लावायचा?

---

स्टुटगार्टी_मिसळ

हाच प्रश्न माझ्या मुलीने वर्गात विचारला होता. शिक्षिकेने म्हणे फळ्यावर लिहून ठेवला आणि उत्तर दिलं नाही.

---

काळा_डगला

आता माझ्या धंद्याची गोष्ट. डिकन्सचं 'ब्लीक हाउस', १८५२-५३ मध्ये महिन्याच्या हप्त्यांनी आलं. जार्नडिस विरुद्ध जार्नडिस, लंडनच्या चॅन्सरी कोर्टातला मृत्युपत्राचा वाद. दावा इतकी वर्षं चाललाय की त्यात माणसं जन्मली आणि मेली. शेवटी नवं मृत्युपत्र सापडतं, आता निकाल लागणार म्हणून सगळे जमतात, आणि कळतं की सगळी इस्टेट दाव्याच्या खर्चात संपली. वाटून द्यायला काही उरलंच नाही म्हणून दावा संपला! वकील हसत हसत बाहेर पडतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही हसलो, मग खजील झालो.

लोकांना वाटतं डिकन्सने तिखटमीठ लावलं. प्रस्तावनेत त्याने तेव्हा चालू असलेल्या एका खऱ्या दाव्याचा हवाला दिलाय. सुमारे वीस वर्षं जुना, एका वेळी तीस-चाळीस वकील उभे, खर्च ७०,००० पौंड. आणि त्याला स्वतःलाही चटका बसला होता. त्याच्या ख्रिसमसच्या कथेची चोरटी आवृत्ती निघाली म्हणून १८४४ मध्ये तो याच चॅन्सरी कोर्टात गेला, जिंकला, समोरच्यांनी दिवाळं काढलं आणि खर्च याच्याच बोडक्यावर.

पण मला यातलं खरं मर्म वेगळंच वाटतं. चॅन्सरी हे कोर्ट मुळात उपाय म्हणून जन्मलं होतं. नेहमीच्या कोर्टांचे नियम इतके ताठर, की ज्याचं दुःख नियमाच्या साच्यात बसत नाही त्याने राजाच्या विवेकाकडे दाद मागावी, यासाठी ही वेगळी वाट. दयेचं कोर्ट म्हणा. काही शतकांत त्या दयेचेही नियम झाले, फॉर्म झाले, फी झाली. १८७० च्या दशकात कायदे करून चॅन्सरी इतर कोर्टांत विलीन करावी लागली. म्हणजे आधीच्या उपायावर पुन्हा उपाय.

डिकन्स पंधराव्या वर्षी वकिलाकडे कारकून होता. बाप कर्जापायी तुरुंगात जाऊन आलेला. कोर्टाची धूळ त्याने पुस्तकातून गोळा केलेली नाही.

---

धूळपाटी

ह्यूगोला कोणीच बोलावलं नाही म्हणून मी घेऊन येते. 'ले मिझराब्ल', १८६२.

नायक ज्यां वाल्ज्यांला पावाच्या चोरीची पाच वर्षं कैद, पळून जायच्या प्रयत्नांची धरून एकोणीस, सुटलेल्या कैद्याचा पिवळा परवाना, हे सगळ्यांना माहीत. मला दोन गोष्टी सांगायच्यात ज्या सिनेमात धड दिसत नाहीत.

एक, या पुस्तकात अन्यायावरचा उपाय म्हणजे खोटं बोलणं! चोरी करून निघालेल्या वाल्ज्यांला पोलीस धरून आणतात, तर बिशप सांगतो, चांदीची भांडी मीच दिली होती, आणि हे मेणबत्तीचे स्टँड न्यायचे का विसरलास? साफ खोटं. पुढे सिस्टर सिंप्लिस येते, जिची ख्याती हीच की आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. वाल्ज्यांच्या मागावरचा पोलीस अधिकारी जावेर विचारतो, खोलीत तुम्ही एकट्याच? हो. त्याला पाहिलंत? नाही. दोन्ही खोटी, एकापाठोपाठ. जावेरचा विश्वास बसतो तो तिच्या त्या ख्यातीमुळेच. वसंतसेनेच्या आईची गोष्ट वर वाचली तेव्हा मला हीच आठवली. 'तसेच दिसतात, पण ते नव्हेत.' तिचं मात्र कोणी ऐकलं नाही. गणिकेची आई होती ना, नन नव्हती.

दोन, जावेर. हाच तुमचा खुर्चीतला सज्जन, सांजवातताई. लाच घेत नाही, कोणाला घाबरत नाही, नियमाबाहेर पाऊल नाही. ज्यां वाल्ज्यांने जीव वाचवल्यावर त्याचं सगळं जग फिरतं, आणि तो सेन नदीत उडी मारतो. पण त्याआधी काय करतो? चौकीत जातो, कागद मागतो आणि वरिष्ठांना टिपण लिहितो, 'सेवेच्या हितार्थ काही निरीक्षणे'. दहा मुद्दे. तपासणीच्या वेळी कैद्यांना अनवाणी फरशीवर उभं करतात, त्यांना खोकला होतो, दवाखान्याचा खर्च वाढतो. विणकामात धागा तुटला की कैद्याचे दहा सू (तिकडची नाणी) कापतात, कापड त्याने काही वाईट होत नाही. भेटीच्या खोलीत बोलावताना कैद्याचं नाव नीट पुकारायचे त्याच्याकडून दोन सू घेतात, ही चोरी आहे. सही, तारीख, वेळ. मग पुलाकडे.

साऱ्या कादंबरीत क्रांती आहे, दया आहे, त्याग आहे, पण उद्या सकाळी अंमलात आणता येईल असं काही असेल तर ते या दहा मुद्द्यांत. लिहिलं कोणी, तर ज्याने आयुष्यभर त्याबद्दल तोंड उघडलं नाही त्याने. मला रडू येतं ते तिथे. फँटिन या दुर्दैवी आईच्या मरणावर तर सगळेच रडतात.

---

खर्डेघाशी

धूळपाटीताई, हे दहा मुद्द्यांचं माहीत नव्हतं. मराठीत कुठे मिळेल?

---

धूळपाटी

काका, संक्षिप्त अनुवादात ते बहुधा गाळलेलं असतं. 'कथानकाला आवश्यक नाही.' पूर्ण आवृत्तीच शोधा.

---

व्यासपीठ

सभा हा शब्द आला की सभापर्व यायलाच हवं. द्यूताची गोष्ट सांगत बसत नाही, मुद्द्यापुरतं सांगतो.

द्रौपदीने विचारलेला प्रश्न कायद्याचा आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतः दास झालेला माणूस मला पणाला कसा लावतो? भीष्म उत्तर देतात, धर्म सूक्ष्म आहे, तुझ्या प्रश्नाचा नीट निवाडा मला करता येत नाही. सांजवात, 'शेषे तु राजा'ची ही थोरली बहीण. उत्तर देतो तो विकर्ण, दुर्योधनाचाच भाऊ, वयाने लहान. कर्ण त्याला पोरगा म्हणून गप्प बसवतो.

मग विदुर उठून प्रल्हादाची कथा सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावर प्राणांची पैज. निवाडा प्रल्हादाकडे. बाप म्हणून गप्प राहावंसं वाटतं, म्हणून तो कश्यपाला विचारतो, गप्प बसलो तर काय होतं? कश्यप हिशेबच मांडतो.

अर्धं हरति वै श्रेष्ठः पादो भवति कर्तृषु ।
पादश्चैव सभासत्सु ये न निन्दन्ति निन्दितम् ॥

निंद्य कृत्याची निंदा झाली नाही, तर पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाला, पाव करणाऱ्याला, आणि पाव जे नुसते बसून राहिले त्यांना. हिशेब नीट पाहा. ज्याने केलं त्याला पावच! शकाराला पाव, अधिकरणिकाला अर्धा, आणि बाजूला बसलेल्या श्रेष्ठी-कायस्थांना पाव. धागाकर्तीचं म्हणणं व्यासांनी आधीच अपूर्णांकात सोडवून ठेवलंय.

प्रल्हादाने मुलाविरुद्ध निकाल दिला. सभेने मात्र गोष्ट ऐकली आणि विदुराला उत्तर दिलं नाही.

---

सांजवात

व्यासपीठ, हा श्लोक मी वहीत उतरवून घेतला.

आणि एक कबुली द्यायची आहे. वर मी म्हटलं की न्यायाधीशाला कोणी काही बोलत नाही. चूक. काल नववा अंक परत काढला. राजाचा हुकूम ऐकल्यावर चारुदत्त आधी राजाची कीव करतो, मंत्र्यांनी याला या खटल्याच्या आगीत लोटलं म्हणतो. मग म्हणतो,

ईदृशैः श्वेतकाकीयै राज्ञः शासनदूषकैः ।
अपापानां सहस्राणि हन्यन्ते च हतानि च ॥

पांढरे कावळे! रंगाने हंस, जातीने कावळे. असल्यांनी राजाचं शासन नासवून हजारो निष्पाप मारलेत आणि मारताहेत. म्हणजे शूद्रक विसरला नव्हता. शिक्षा नाही दिली, पण नाव ठेवून गेला. ज्याला नाव नव्हतं त्याला हेच नाव.

---

प्राजक्त७

आमच्या आजोबांना देवलांचं संगीत मृच्छकटिक तोंडपाठ होतं, पण ते फक्त पदं म्हणायचे. खटला बिटला त्यात आहे हे आज कळलं.

---

टवाळ_पोर

मी नेहमी टवाळी करतो, आज एक सिरियस. दहाव्या अंकात एक चांडाळ दुसऱ्याला सांगतो, मरताना बापाने सांगून ठेवलंय, वध करायची पाळी आली तर घाई करू नकोस. का? कदाचित कोणी सज्जन पैसे देऊन सोडवेल. कदाचित राजाला मुलगा होईल आणि कैदी सुटतील. कदाचित हत्ती मोकाट सुटेल आणि गोंधळात हा पळेल. कदाचित राजाच बदलेल.

मग ते दोघं पाळी कोणाची यावर घोळ घालत बसतात. चौकाचौकात थांबून दवंडी. तेवढ्या वेळात वसंतसेना पोचते. न्यायाधीशाने जे केलं नाही ते फाशी देणाऱ्याने केलं. थांबला.

---

काळा_डगला

टवाळ_पोर, हा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम. मी वर म्हटलं होतं, कोणालाही थांबायचं नव्हतं. दोघांना होतं. माझ्या नजरेतून सुटलं.

---

वैशाखवणवा

आणि ते दोघं कोण, तर ज्यांना स्पर्श करायचा नाही असे. मैत्रेय आणि चारुदत्ताचा लहान मुलगा जवळ येतात, तेव्हा मुलगा त्यांना विचारतो, अरे चांडाळांनो, माझ्या बाबांना कुठे नेताय? चांडाळाचं उत्तर बघा, जन्म चांडाळकुळात झाला म्हणून आम्ही चांडाळ नव्हे, सज्जनाला त्रास देतात ते चांडाळ. नवव्या अंकातल्या उंच आसनावरच्या कोणाच्या तोंडी असलं एक वाक्य नाही.

---

खर्डेघाशी

तीन दिवस धागा वाचतोय, उत्तर द्यायचं टाळत होतो.

१९८७-८८ साल असेल. आमच्या तालुक्याला मी टिपणी लिहायचो. एका बाईचा अर्ज आला. वडील वारले, तलाठ्याने वारस नोंद धरली, दोन भावांची नावं लागली, हिचं नाही. विधवा होती, माहेरीच राहायची. नोटीस बजावल्याची पोच फाईलला होती आणि हरकत मुदतीत आली नाही, म्हणून फेरफार मंजूर झाला होता.

पोचेवर अंगठा होता. अर्जावर सही होती. चांगली वळणदार, सातवी पास असावी तशी. ज्या बाईला सही करता येते ती नोटिशीवर अंगठा का उठवेल?

मला ते दिसलं. टिपणीत एक ओळ पुरली असती. आदल्या दिवशी साहेबांनी सहज म्हटलं होतं की ते भाऊ 'आपल्यातले' आहेत. मला असं लिही, तसं लिही, काहीही सांगितलं नव्हतं. मी लिहिलं, 'अर्जदार यांनी विहित मुदतीत हरकत घेतल्याचे दिसून येत नाही. सबब अर्ज निकाली काढणेस हरकत नसावी. आदेशार्थ सादर.' साहेबांनी सही केली. साहेब टिपणी वाचून सही करतात. इथे निर्णय आमचा होता, शेष त्यांचं.

---

सांजवात

काका... पुढे काय झालं तिचं?

---

खर्डेघाशी

अपिलात जा, म्हणून जिन्यात गाठून सांगितलं होतं तिला. तोंडी. एसटीला पैसे नाहीत म्हणाली, परत आली नाही.

तो अंगठा डाव्या हाताचा होता की उजव्या, ते आठवत नाही. बाकी सगळं आठवतं.

असो. ते चांडाळाच्या बापाचं वाक्य मूळ प्राकृतात कोणाकडे असेल तर टाका. चालू द्या.